तुझ्या मनगटाबद्दल कुणीच बोललं नाही

विलास,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात नऊ जण बोलले. मी मागच्या खुर्चीत बसून सवयीप्रमाणे मोजत होतो. तू कष्टाळू होतास, हे नऊच्या नऊ जणांनी सांगितलं. तू कधी खाडा केला नाहीस, हे सहा जणांनी सांगितलं. किडनी अशी अचानक कशी गेली, याचं चौघांना नवल वाटलं. तुझ्या उजव्या मनगटाचं नाव मात्र एकाच्याही तोंडून निघालं नाही.

दहावं नाव माझं पुकारलं. मी उभा राहिलो, तुझ्या फोटोकडे बघून हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, साडूचा गळा दाटून आला. तसं काही नव्हतं. मला राग आला होता, आणि पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत बसलेल्या अक्कासमोर तो काढण्यासारखा नव्हता. म्हणून इथं काढतोय. निम्मा तुझ्यावर आहे. उरलेला कुणाकुणावर आहे, ते लिहिता लिहिता मलाही कळेल.

आपलं नातं साडूचं. त्या हिशेबानं तू थोरला, कारण तुझी सुनंदा, म्हणजे आमची अक्का, माझ्या संगीताची मोठी बहीण. वयानं मात्र मी थोरला. सासरवाडीला पहिल्यांदा एका पंक्तीला बसलो, तेव्हा कुणी कुणाला 'अहो' म्हणायचं यावर सासरे अडले होते. तू पापड मोडत म्हणालास, "दोघंबी अरे-कारे करू. म्हंजे कुणाचा मान बी जायचा न्हाई, कुणाला द्यायला बी लागायचा न्हाई." तिथपासून आपण भांडायला मोकळे झालो. तू लातूरकडचा, मी परभणीचा. पोटासाठी दोघंही भोसरीत येऊन पडलो. मला चाकणच्या कंपनीत तपासणी खात्यात कायमची नोकरी लागली. तुला भोसरी एमआयडीसीतल्या ओतकामाच्या शॉपमध्ये ठेक्यावर ग्राइंडर मिळाला.

ज्यांनी ते काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागाच्या कडेला जास्तीचं लोखंड राहतं. ते हातातल्या ग्राइंडरनं घासून उडवायचं. मशीन जड, चाक जोरात फिरणारं, आणि त्याची सगळी थरथर माणसाच्या मनगटात उतरणारी. तू ते दिवसभर धरायचास. पाळी संपवून चहा प्यायला बसलास की कपातल्या चहावर बारीक लाटा उठायच्या. तू त्या मला दाखवायचास. "बघ, मशीन बंद हाय पर हात अजून ड्युटीवर हाय." मी हसायचो. तेव्हा ते हसण्यासारखं होतं.

कारण तेव्हा तुझ्या मनगटाचा गल्लीत दरारा होता. पंजा लढवायला तुझ्यासमोर कुणी बसत नसे. घरमालकाचा पैलवान पुतण्या एकदा बसला, तर तू डाव्या हातानं शेंगदाणे खात त्याचा हात खाली टेकवलास. माझ्या घराच्या जिन्याला लोखंडी कठडा बसवला, तेव्हा वेल्डिंगवाल्यानं सांधे तसेच ओबडधोबड सोडले होते. तू सुट्टीच्या दिवशी शॉपमधून ग्राइंडर मागून आणलास आणि कठडा वरपासून खालपर्यंत असा घासून दिलास, की माझ्या मुलांच्या हाताला कधी ओरखडा आला नाही. मी तपासणी खात्यातला माणूस, खोट काढणं हा माझा धंदा. त्या कठड्यावरून बोट फिरवून खोट शोधली, सापडली नाही. तू खाली उभा राहून ओरडलास, "काय साहेब, पास का रिजेक्ट?" मी काही बोललो नाही, कारण तू चढून बसला असतास. आता सांगतो, पास.

हे चांगलं सांगून झालं. आता तुमच्या ठेकेदाराकडे वळतो.

तुमच्या शॉपची एक रीत होती. ठेका संपला की सगळ्यांना काही दिवसांचा ब्रेक, आणि मग नव्यानं भरती. भरतीच्या सकाळी ठेकेदार गेटवर उभा राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, किती दिलदार माणूस! पण तो हात नुसता मिळवत नसे, आवळायचा. ज्याचा चेहरा कसनुसा झाला, ज्यानं हात ओढून घेतला, त्याला पाठीवर थाप मारून सांगायचा, "जा, घरी जाऊन आराम कर. बोलावतो मंग." ते बोलावणं कधीच यायचं नाही. कागद नाही, डॉक्टर नाही, सही नाही. एका हात मिळवण्यात माणूस आत किंवा बाहेर.

आणि तुम्ही त्यावर तोड काय काढलीत? गेटसमोरच्या टपरीवर चहाबरोबर दुखणं मारणारी सुटी गोळी मिळायची. तिचा रंग पिवळा, म्हणून नाव पिवळी. "एक कटिंग, एक पिवळी," असं तुम्ही मोठ्यानं मागायचात, जसं कुणी बिस्किट मागावं. भरतीच्या दिवशी तर टपरीवर रांग लागायची. गोळीचा असर चढला की गेटवर जायचं, हसत हसत हात द्यायचा. मला हे तू गंमत म्हणून सांगितलंस. मी म्हणालो, हा वेडेपणा आहे. तू म्हणालास, "तुला हात मिळवून कुणी नोकरी दिली न्हाई, म्हणून तुला वेडेपणा दिसायलाय."

मनगट दुखायला लागलं तेव्हा तू म्हणालास, मुरगळलंय. मग राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका गावात हाडं बसवणारा माणूस आहे म्हणून मला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेलास. येताना गाडी मला चालवावी लागली, कारण त्यानं तुझा हात दोन्ही हातांनी ओढून असा पिळला होता, की तुला क्लच... नाही, क्लच डावीकडे असतो. तुला ब्रेक दाबता येत नव्हता. बरोबर तेच लिहायला हवं. "कट् असा आवाज झाला, म्हंजे बसलं," असं तू वाटभर सांगत राहिलास. बांबूच्या कामट्या बांधलेला हात छातीशी धरून. त्या कामट्या तू दोन दिवसांत सोडल्यास, कारण त्या बांधून ग्राइंडर धरता येत नव्हता. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून मनगटाला गुंडाळायला लागलास.

माझं काम मोजमापाचं आहे. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक मी दिवसभर बघतो. त्यामुळे तुझं काय चाललंय, ते माझ्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. जेवून उठताना तू तळवा जमिनीवर टेकवायचं सोडलंस आणि मूठ टेकवून उठायला लागलास. बुद्धवंदनेला हात जोडताना तुझे दोन्ही तळवे आता एकमेकांना चिकटत नव्हते, नुसती बोटांची टोकं टेकायची आणि हात छातीऐवजी पोटापाशी राहायचे. उजवं मनगट मागे वाकतच नव्हतं. माझं पूर्ण काटकोनात वाकतं. तुझं निम्मंही वाकत नव्हतं.

म्हणून तुला ओढत हाडांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. आठवतं ना? त्यांनी फोटो काढला, मग यंत्रात घालून आणखी बारीक फोटो काढला, आणि पडद्यावर पेन्सिलीनं दाखवलं. मनगटात आठ बारकी हाडं असतात. त्यातल्या मधल्या एकाचा आकार चंद्रकोरीसारखा. त्या हाडाला रक्त पोचत नव्हतं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे हाड आतून मरतंय. अजून चपटं झालेलं नाही, म्हणून हातात वेळ आहे."

"ग्राइंडरमुळं?"

"ग्राइंडरमुळंच झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ग्राइंडर चालू ठेवलात तर हे हाड टिकणार नाही, एवढं नक्की सांगते. हात प्लास्टरमध्ये ठेवू, लागलं तर छोटं ऑपरेशन करू. आणि ही थरथरणारी मशीन बंद म्हणजे बंद."

त्या बाईंचं बोलणं मला पटलं, कारण जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणाल्या आणि जे ठाऊक आहे ते ठामपणे म्हणाल्या. तू काय म्हणालास? "बाई, हाड मेलं तर मरू द्या. हात तर जित्ता हाय ना?"

त्या हसल्या नाहीत. मीही हसलो नाही. तू एकटाच हसलास.

दवाखान्याच्या जिन्यात आपण किती जोरात भांडलो! मी म्हणालो, काम बदल, वॉचमनची जागा बघतो, स्टोअरमध्ये बघतो. तू म्हणालास, "पंजा लढवणाऱ्याला शिट्टी देतोस व्हय?" मी म्हणालो, निदान प्लास्टरपुरती रजा टाक. तू म्हणालास, "ठेक्यावरल्याला रजा नसती राव. एकदा गेला की गेला." मी म्हणालो, गोळ्या तरी थांबव. तू म्हणालास, "त्या थांबल्या तर मी थांबलो." शेवटी तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, उजवाच, आणि म्हणालास, "अक्काला आन् पोरीला यातलं काय बी सांगू नको. मुरगळलंय म्हण. तुला माझी शप्पथ हाय."

मी शपथा मानत नाही आणि तूही मानत नव्हतास. तरी मी गप्प राहिलो, कारण घर तुझं, हात तुझा, ठरवणारा तू. ते बरोबर होतं की चूक, हा वेगळा विषय. इथं विषय तुझा आहे. तुला स्पष्ट सांगितलेलं होतं, विलास. तू अडाणी नव्हतास, फसवला गेलेला नव्हतास. डोळे उघडे ठेवून तू रोज ती पिवळी खाल्लीस, आधी एक, मग दोन, मग जेवणाच्या डब्यातही. शॉपमध्ये भट्टीची धग, घाम, पाणी प्यायला जायला सवड नाही, आणि पोटात वर्षानुवर्षं त्या गोळ्या.

माझ्या खात्यात एक नियम आहे. मोजायचं साधन हातातून खाली पडलं, तर ते बाहेरून कितीही ठणठणीत दिसो, त्यावर लाल पट्टी लावून बाजूला ठेवायचं. तपासून आल्याशिवाय पुन्हा वापरायचं नाही. लाल पट्टी लावल्याबद्दल आजवर कुणी मला बोल लावलेला नाही. लोखंडाच्या तुकड्याला जो मान आहे तो तुमच्या शॉपमध्ये माणसाच्या हाताला नव्हता, याचा मला राग आहे. आणि तो मान तू मागितलाही नाहीस, याचा त्याहून जास्त.

पाय सुजले, बूट चढेनात, तेव्हा कुठे तू दवाखान्यात आलास. रक्ताच्या रिपोर्टवर एक आकडा होता, जो एकच्या आसपास असायला हवा. तो नऊच्या पुढे होता. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय? तू म्हणालास, "कधीतरी साहेब. डोकं दुखलं तर." मी तिथंच म्हणालो, खोटं बोलतोय हा. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुझा खिसा कापला. नंतर बाहेर म्हणालास, "सांगून काय किडनी परत देणार हाय का त्यो?" मरायला टेकलास तरी गेटवरचा तो चेहरा तुझ्या तोंडावरून उतरला नाही. डॉक्टरसमोरही तू हात मिळवायला उभा होतास.

रक्त शुद्ध करायचं यंत्र लावण्यासाठी डाव्या मनगटापाशी शीर जोडली. ती जोडलेली शीर बोटाखाली सतत थरथरते, ते चांगलं लक्षण, असं सिस्टर म्हणाल्या. तू माझं बोट धरून तिथं ठेवलंस. "बघ, उजव्यानं भागलं नव्हतं म्हणून आता डाव्यात बी ग्राइंडर बसवला." मी हात काढून घेतला. तू किती वेळ हसत होतास. त्या हसण्यासाठी मला तुझे कान उपटावेसे वाटले, आणि आज तेच हसू ऐकायला मी काय वाटेल ते देईन. दोन्ही खरं आहे. यातलं एक खोडून दुसरं ठेवता येत नाही.

तर रविवारी तुझा ठेकेदार आला होता. पांढरे कपडे, हातात हार. माइकवर म्हणाला, "विलास म्हंजे आमचा वाघ. कितीबी माल येऊ द्या, कधी न्हाई म्हनला न्हाई. इतक्या वर्षांत एक दवाखान्याची चिठ्ठी आनली न्हाई गड्यानं!" लोकांनी माना डोलावल्या. अक्कानं डोळे पुसले. मला वाटलं, उठून मांडवाचा खांब हलवावा.

नंतर चहाच्या वेळी तो माझ्याकडे आला आणि त्यानं हात पुढे केला. मी हात जोडले.

"काय पाव्हणं, राग हाय व्हय आमच्यावर?"

"आहे."

"आवो, कशाचा?"

"तुमच्या हात मिळवायचा."

तो खरोखर गोंधळला. मग म्हणाला, "त्यो तर मान हाय आमचा. मानसाला मान द्यायचा न्हाई का?" आणि मग त्यानं बाही वर सारून आपलं मनगट मला दाखवलं. सुजलेलं, वाकडं. "मीबी आदी ग्राइंडरवरच व्हतो. आजून धरतं. मीबी पिवळीवरच हाय. त्यात काय एवढं?"

एवढं बोलून तो चहा घ्यायला गेला. इतकी वर्षं या माणसाला मनात शिव्या घालत आलो, आणि तो त्याच टपरीचं गिऱ्हाईक निघाला. त्यानं राग कमी झाला नाही. उलट कुठे ठेवावा हेच कळेना. पण रविवारचं खरं पुढेच आहे, आणि त्यासाठीच मी लिहायला बसलोय.

पाहुणे गेले. मोरीत तुझी प्रियंका कप विसळत होती. चहाची किटली उचलताना तिनं दोन्ही हात लावले, आणि तरी तोंडातून 'स्स' निघालं. मग तिनं आत वळून विचारलं, "आई, पप्पांचा गोळ्यांचा डबा कुठं ठेवलास?"

मला आधी वाटलं, टाकायला मागतेय. तिनं डबा उघडला, एक पिवळी तोंडात टाकली, नळाचं पाणी ओंजळीत घेऊन प्याली. सराईतासारखी. तुझ्या फोटोसमोरच्या मेणबत्त्या अजून जळत होत्या, विलास.

"केव्हापासून घेतेस?" मी विचारलं.

"काका, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं थोडं. शिफ्ट संपेपर्यंत तर रोज." ती निघोजेजवळच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर आहे, हे तुला माहीत होतं. दिवसभर अंगठ्यानं दाबून क्लिपा बसवायच्या. तेही तुला माहीत होतं. "माझं ट्रेनीपण संपत आलंय. आता हात दुखतो म्हणून सांगितलं तर कायम करतील का? पप्पा नाही का इतकी वर्षं घेत होते?"

"घेत होते. आणि?"

माझा आवाज चढला. संगीता म्हणाली, "आजच्या दिवशी पोरीला बोलू नका हो." आणि तेवढ्यात अक्का मोरीपाशी आली. तिनं प्रियंकाच्या हातातून डबा घेतला. मला म्हणाली, "भाऊजी, मीच टाकायची ह्यांच्या डब्यात. भाकरीच्या घडीत. हाताला आराम पडंल म्हणून." मग तिनं तो डबा खरकट्या पाण्याच्या बादलीत उपडा केला. गोळ्या तरंगल्या, पिवळं पाणी झालं. ती तिथंच खाली बसली आणि आठवडाभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. बघ, तुझ्या गुपितानं काय केलं ते. तुझी बायको स्वतःच्या हातानं तुला वाढत राहिली आणि काय वाढतेय हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि प्रियंकाला त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तिला अंगठा मुठीत धरायला लावला आणि मनगट हळूच खाली वाकवलं. पोरगी किंचाळली. हाड नाही, अंगठ्याच्या शिरांवरचं आवरण सुजलंय, म्हणाल्या. वेळेवर आलीस. अंगठ्याला आधार देणारा पट्टा लाव, काही आठवडे क्लिपा बसवायचं काम बंद, गोळ्या अजिबात नाहीत. काम बदलून द्या, अशी चिठ्ठीही लिहून दिली.

परत येताना चाकण चौकात गाड्या तुंबल्या होत्या. मागच्या सीटवरून प्रियंका म्हणाली, "काका, पट्टा घरी लावेन. गेटवर काढून पर्समध्ये ठेवेन. चिठ्ठी नको."

"का?"

"तुम्ही परमनंट आहात, काका. तुम्हाला नाही कळायचं."

तुझंच वाक्य. तुझ्याच चालीत. आणि ते खरं आहे. मी लाल पट्टी लावतो ती लोखंडाला, आणि पगार मला कायमचा आहे. मी म्हणालो, "तुझ्या पप्पांना याच बाईंनी असंच सांगितलं होतं. त्याच खोलीत."

मागून हॉर्न वाजत होते.

"काय सांगितलं होतं?"

मग मी सांगितलं. चंद्रकोरीसारखं हाड, अडलेलं रक्त, प्लास्टर, बंद म्हणजे बंद. ती शपथही सांगितली. तुझी शपथ मी मोडली, विलास, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

"म्हणजे पप्पांना माहीत होतं?" ती म्हणाली. "आम्ही समजत होतो, मुरगळलंय. मी बाम चोळून द्यायचे रोज. त्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि आम्हाला विचारलंपण नाही." ती रडत नव्हती. मी आरशात बघितलं. "मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सोडा ती कंपनी. मी बारावीनंतर तशीही कामाला लागणारच होते. आईपण म्हणाली असती. त्यांनी एकट्यानंच ठरवलं, आम्हाला काय हवं ते. कोण समजत होते स्वतःला?"

तुझी मुलगी तुझ्यावर भर चौकात ओरडली, हे तुला कळायला हवं म्हणून लिहितोय. शेजारचा रिक्षावाला वळून बघत होता. माझ्या छातीवरचं ओझं मात्र त्या ओरडण्यानं थोडं हललं. इतके दिवस मी एकटाच तुझ्यावर चिडलेला होतो.

तू आमच्यासाठी केलंस, असं सगळे म्हणतात. असेलही. पण ज्यांच्यासाठी केलंस त्यांना तू हातात धरायला काय ठेवलंस? अक्काला ती खरकट्या पाण्याची बादली. पोरीला गोळी गिळायची सवय. तुझा हात वाकडा चालला असता आम्हाला. वॉचमनच्या खुर्चीत बसून शिट्टी वाजवणारा तू चालला असतास. प्रत्येक भेटीत मी तुला शिट्टीवरून चिडवलं असतं आणि तू मला चार शिव्या दिल्या असत्यास. आपण म्हातारे होऊन भांडणार होतो. ते भांडण तू मध्येच सोडून गेलास. शेवटचा शब्द माझा राहिला, आणि मला तो नको होता.

आज बुधवार. पहिल्या पाळीला जायला प्रियंका आमच्या दारावरून गेली, कारण कंपनीची बस आमच्याच कोपऱ्यावर थांबते. कंपनीचा पूर्ण बाह्यांचा अंगरखा घातलेला, हाताला काळा पट्टा, खांद्याच्या पिशवीत ती चिठ्ठी. उजवी बाही तिनं कोपरापर्यंत दुमडलेली होती. संगीता गॅलरीतून म्हणाली, "अगं, बाही खाली कर. चढता चढताच लाइन लीडर बघेल."

"बघू दे, मावशी. मीच दाखवणार आहे त्याला."

"आणि काढून टाकलं तर?"

तिनं खांदे उडवले. घाबरलेली होती, ओठ कोरडे पडले होते. मग बस आली.

तिला काम बदलून देतील की घरी पाठवतील, मला माहीत नाही. खोटा धीर मी तिला दिला नाही, तुलाही देत नाही. पाळी तीनला सुटते. मी आज दुसऱ्या पाळीला जाणार होतो, ती बदलून घेतली आहे. तीन वाजल्यापासून बसच्या कोपऱ्यावर मी उभा असेन. बसमध्ये चढताना तिनं डाव्या हातानं दांडा धरला, आणि पट्टा लावलेला हात वर, सगळ्यांच्या नजरेसमोर होता.